खोल बाजू

तरणतलावाला कुलूप लागून
सात महिने झाले.
फाटकावर पालिकेची पाटी : दुरुस्तीकरिता बंद.
खाली खडूने : कधीपर्यंत?
अक्षर ललिता वैतीचं. मी ओळखते.

साडेदहा ते साडेअकरा, बायकांची बॅच.
आम्ही सव्वीसजणी.
त्यांतल्या अकराजणींचे पोशाख मी शिवले.
कुणाचा गुडघ्याखालपर्यंत, कुणाचा कोपरापर्यंत,
झुबेदाचा मनगट, घोटे, मान झाकून, वर टोपी,
उल्हासनगरहून आणलेल्या ताणाच्या कापडाचा.
मापं घेताना कळतं
कोण पोट आत ओढते,
कुणाच्या दंडावर भाजल्याचा जुना डाग आहे.
सगळ्या म्हणतात, जरा सैलच ठेव गं.
आठवड्याभरात परत येतात, घट्ट करून दे.

ललिताच्या दारातच समुद्र.
चाळीस वर्षं मासळी विकली,
पोहायला गेले ते भाऊ, मग पोरगे.
पाण्यात ती पहिल्यांदा उतरली ती इथे,
एक चूळ भरून थुंकली, म्हणाली,
याला तं मीठच नाय!

माझ्या आजोबांना त्यांच्या गावात
पाणी वरून ओतायचे, उंचावरून, ओंजळीत.
ते सांगायचे, अर्धं तर कोपरावरून गळून जायचं.
नेनेबाई छातीएवढ्या पाण्यात उभ्या होत्या,
एक तळवा माझ्या पाठीखाली.
म्हणाल्या, मान सोड.
मी सोडली.
आजोबांचं मी त्यांना कधी बोलले नाही.
पाणी त्या दिवशी दोघींच्या नाकातोंडात गेलं,
दोघी खोकत बसलो काठावर.

घर दोनशे पंचवीस फूट, माणसं सहा.
दोन्ही हात पुरते पसरून
मी आयुष्यात पहिल्यांदा पडले ती पाण्यावर.
कान पाण्याखाली.
वर एक घार, आणि नव्या टॉवरची क्रेन,
दोघी सावकाश वळत.
कुणी हाक मारली असेल तर मला ऐकू आली नाही.
बावन्न वर्षांत एवढंच.

वॉर्ड ऑफिसात साहेब म्हणाले,
बाई, इथे प्यायला पाणी नाही, आणि तुम्हाला पोहायचंय?
उत्तर सुचलं नाही.
आमच्या नळाला पहाटे पावणेपाचला येतं, वीस मिनिटं,
ते मोजायचं, भरायचं, झाकायचं.
शिडीवरून वर येताना
अंगावरून निथळणाऱ्या पाण्याचे मीही तांबे मोजलेत.
पण साहेब,
झुबेदाचा गुडघा पुन्हा धरलाय.
नेनेबाई तिसऱ्या मजल्यावरून खाली येत नाहीत.
आणि वैशंपायनांची सून, जी फक्त पाण्यात बोलायची,
ती आता बाजारात दिसली तरी
मान हलवून पुढे जाते.
हे कुठल्या अर्जात लिहायचं?

काल रखवालदार बाबल परब म्हणाला,
बघायचंय तर बघून जावा, कोण नाय आत.
उतरले. चपला काठावर काढल्या, सवयीने.
तळ उतरता आहे हे पावलांना आजवर ठाऊकच नव्हतं.
चालत चालत खोल बाजूला पोचले,
आकडा माझ्या डोक्याच्या वर.
इथेच पंधरा दिवस मी कठडा सोडला नव्हता.
जाळीत अडकलेली केसांची पिन,
आणि निळा दोरा, माझ्याच रिळाचा.
हाक मारून पाहिली, ललिता!
आवाज भिंतींना लागून परत आला,
जरा उशिरा,
टॉवेल गुंडाळत कुणी ओ द्यावी तसा.

घरी येऊन मशीनवरचं फडकं काढलं.
बारावं माप वहीत पडून आहे,
शेजारच्या तन्वीचं, नववीतल्या.
रोज जिन्यात विचारते, मावशी, उघडलं का?
कापड बेतलं.
बाहीला, उंचीला
दोन दोन बोटं जास्त ठेवली.
तोवर वाढेल ती.